पडदा बिघडला, वही नाही

महिन्याची वीस तारीख जवळ आली की पेढ्यांवरील लगबग वाढते. विक्रीचा तपशील तयार असतो, खरेदीच्या बिलांचा मेळ लागलेला असतो आणि जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र भरणे तेवढे उरलेले असते. पूर्वी यासाठी हिशेबनीस गादीवर येऊन बसत. आता बरेच हिशेबनीस आपल्या घरातून किंवा कार्यालयातून दुकानातील संगणकाशी दूरवरून जोडणी करतात, टॅलीतील आकडे पाहतात, काम उरकतात आणि जोडणी सोडतात. दुसऱ्या दिवशी मालक संगणक सुरू करतात तेव्हा मात्र ब्राउझरची खिडकी काळी ठिक्कर दिसते. कधी पान पांढरेफटक असते, कधी अक्षरे धूसर किंवा अवाढव्य झालेली असतात, तर कधी बटण दाबल्यावर काहीच घडले नाही असे वाटते आणि खिडकी लहानमोठी करताच पुढचे पान अचानक प्रकट होते.

अशा वेळी मनात पहिली शंका येते ती विषाणूची आणि दुसरी, हिशेब पुसला गेल्याची. या दोन शंकांपोटी माणसे घाईने जे करतात त्यातून होणारे नुकसान मूळ बिघाडापेक्षा कितीतरी मोठे असते. म्हणून हा बिघाड नेमका काय आहे, तो कसा ओळखावा आणि कोणत्या क्रमाने दूर करावा, हे व्यापारी कुटुंबातील प्रत्येकाने शांतपणे समजून घेणे हिताचे आहे.

असे का घडते?

बँकेतील खातेदाराला एक गोष्ट चांगली ठाऊक असते. पासबुक छापताना शाई फिसकटली, एक ओळ दुसरीवर चढली किंवा पान कोरेच बाहेर आले, तरी खात्यातील शिल्लक बदलत नाही. खाते बँकेच्या खातेवहीत असते, पासबुक ही त्याची छापील प्रत. संगणकाचा पडदा हेही असेच एक पासबुक आहे. जीएसटीच्या पोर्टलवरील नोंदी पोर्टलच्या संगणकांवर असतात, बँकेची शिल्लक बँकेच्या संगणकांवर असते. दुकानातील ब्राउझर केवळ त्यांचे चित्र काढून दाखवतो. दूरस्थ जोडणीनंतर बहुधा बिघडते ते हे चित्र काढण्याचे काम.

चित्र वेगाने काढता यावे म्हणून आजचे ब्राउझर संगणकातील ग्राफिक्स चिपची मदत घेतात. या मदतीला 'हार्डवेअर अॅक्सेलरेशन' असे म्हणतात. क्रोम आणि एज या ब्राउझरांत या कामासाठी 'जीपीयू प्रोसेस' नावाची स्वतंत्र प्रक्रिया सतत चालू असते. ती एका विशिष्ट पडद्याची लांबीरुंदी, रंग आणि अक्षरांचे प्रमाण गृहीत धरून चित्र तयार करते.

विंडोजमधील 'रिमोट डेस्कटॉप' ही सोय मायक्रोसॉफ्टने २००१ साली विंडोज एक्सपीच्या प्रोफेशनल आवृत्तीत दिली. त्याआधी १९९८ साली ती विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आली होती. या पद्धतीने हिशेबनीस जोडले गेले की दुकानातील पडद्यावर कुलूपबंद स्थिती दिसते आणि संगणक आपले सारे चित्र एका काल्पनिक पडद्यावर काढू लागतो. त्या पडद्याचा आकार हिशेबनिसांच्या संगणकाप्रमाणे ठरतो. त्यांच्याकडे लहान लॅपटॉप असेल आणि अक्षरांचे प्रमाण १५० टक्के असेल, तर तेच माप इकडे लागू होते. जोडणी संपवून मालकांनी आपला पासवर्ड टाकला की विंडोज पुन्हा खऱ्या पडद्याकडे वळते. रंगाऱ्याने पाटी अर्धी रंगवलेली असताना त्याच्यासमोरची भिंत दोनदा बदलावी, तशी ब्राउझरची अवस्था होते. अनेकदा तो हा बदल निभावून नेतो. ग्राफिक्स ड्रायव्हर जुना असेल किंवा ब्राउझर दिवसेंदिवस उघडाच असेल, तर मात्र चित्राचा धागा तुटतो आणि काळी खिडकी, पांढरे पान किंवा लुकलुकणारे तुकडे दिसू लागतात.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा. जोडणीची खिडकी फुलीवर टिचकी मारून बंद केली तर ती केवळ तुटते. दुकानातील संगणकावर उघडलेले सर्व काही तसेच चालू राहते. 'साइन आउट' केले तर सर्व प्रोग्रॅम बंद होतात आणि पुढच्या वेळी नव्याने सुरू होतात. हा त्रास बहुतेक वेळा फुली मारून सोडलेल्या जोडणीनंतर दिसतो, कारण तोच ब्राउझर दोन पडद्यांमध्ये ओढला गेलेला असतो.

विंडोजच्या होम आवृत्तीत दुसऱ्याला अशा रीतीने आत घेण्याची सोय नाही. म्हणून पुष्कळ दुकानांत एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी साधने वापरली जातात. ती दुकानातील पडद्याचेच चित्र घेऊन पलीकडे पाठवतात. वेग वाढावा म्हणून पडद्याचे माप कमी करणे, मागचे चित्र काढून टाकणे, किंवा दुकानातील पडदा काही काळ काळा ठेवणे अशा सोयी त्यांत असतात. जोडणी मध्येच तुटली तर यांतील एखादा बदल तसाच मागे राहू शकतो.

आधी निदान

औषधाआधी नाडी पाहावी. चार साध्या तपासण्या पुरेशा आहेत.

पहिली तपासणी : दोष फक्त ब्राउझरमध्ये आहे की सर्वत्र? टॅली किंवा नोटपॅड उघडून पाहावे. तेही फाटलेले किंवा लुकलुकणारे दिसत असेल, तर दोष ड्रायव्हरचा, केबलचा किंवा मॉनिटरचा असण्याची शक्यता अधिक.

दुसरी : पडद्याचे छायाचित्र प्रिंट स्क्रीन या कळेने घ्यावे आणि ते मोबाइलवर पाठवून पाहावे. छायाचित्र स्वच्छ असेल तर संगणकाने चित्र नीट काढले आहे. खराबी त्यानंतर, म्हणजे केबल किंवा मॉनिटरकडे आहे. छायाचित्रातही काळा चौकोन असेल तर मॉनिटर निर्दोष समजावा.

तिसरी : दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडावे. क्रोम आणि एज हे दोन्ही एकाच क्रोमियम पायावर उभे आहेत, त्यामुळे एकाचा दोष दुसऱ्यात दिसू शकतो. पडताळणीसाठी फायरफॉक्स वापरणे अधिक उपयुक्त.

चौथी : तेच संकेतस्थळ मोबाइलवर, मोबाइलच्या स्वतःच्या इंटरनेटवरून उघडावे. तेथेही उघडत नसेल तर दोष पोर्टलचा आहे. अखेरच्या दिवशी पोर्टलवर ताण असतो आणि पान अर्धवट उतरते. त्या वेळी दुकानातील संगणकाशी झटापट करण्यात वेळ घालवू नये.

उपाय : सोप्यापासून पुढे

पहिली पायरी म्हणजे खिडकी खाली करून पुन्हा वर आणणे, किंवा तिचा आकार बदलणे. तेवढ्याने ब्राउझर चित्र नव्याने काढतो. अक्षरे अवाढव्य झाली असतील तर कंट्रोल आणि शून्य या कळा एकत्र दाबाव्यात. पान मूळ मापावर येते. ब्राउझर चालू असूनही खिडकी दिसतच नसेल, तर ती पडद्याच्या कडेबाहेर गेलेली असू शकते. ऑल्ट आणि टॅब या कळांनी ती निवडावी आणि विंडोजची कळ दाबून वरचा बाण दाबावा.

दुसरी पायरी ग्राफिक्स ड्रायव्हर जागा करण्याची. विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्या की पडदा क्षणभर मिटतो, बहुधा एक बारीक आवाज येतो आणि चित्र परत येते. उघडलेले प्रोग्रॅम यामुळे बंद होत नाहीत. अर्धवट भरलेले विवरणपत्र समोर असेल तेव्हा हा उपाय विशेष मोलाचा आहे.

तिसरी पायरी फक्त ब्राउझरच्या चित्रकाराला बदलण्याची. क्रोम किंवा एज समोर असताना शिफ्ट आणि एस्केप दाबले की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'जीपीयू प्रोसेस' ही ओळ निवडून 'एंड प्रोसेस' करावे. ती प्रक्रिया लगेच नव्याने सुरू होते आणि उघडलेली पाने जागच्या जागी राहतात. तेथील इतर ओळी मात्र बंद करू नयेत. त्या प्रत्यक्ष पानांच्या असतात.

चौथी पायरी ब्राउझर पूर्णपणे बंद करून उघडण्याची. फुली मारल्यावरही तो काही वेळा पार्श्वभूमीवर चालू राहतो, म्हणून तीन ठिपक्यांच्या मेनूतील 'एक्झिट' वापरावे. पुन्हा उघडल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि टी या कळांनी मागची पाने परत मिळतात. पण पोर्टलमध्ये किंवा बँकेत नव्याने प्रवेश करावा लागतो आणि न साठवलेला मजकूर जातो. जीएसटीआर-३बी भरताना प्रत्येक टप्प्यावर 'सेव्ह' करण्याची सवय येथे कामी येते. साठवलेला मसुदा पोर्टलवर राहतो, दुकानातील पडद्याला काहीही झाले तरी.

हाच त्रास प्रत्येक जोडणीनंतर होत असेल तर पाचवी पायरी. क्रोम आणि एजच्या सेटिंगमध्ये 'सिस्टम' या भागात 'यूज ग्राफिक्स अॅक्सेलरेशन व्हेन अव्हेलेबल' असा पर्याय असतो. तो बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. फायरफॉक्समध्ये 'जनरल' या भागातील 'परफॉर्मन्स' येथे आधी शिफारस केलेल्या सेटिंगची खूण काढावी, मग 'हार्डवेअर अॅक्सेलरेशन'ची. यानंतर चित्र काढण्याचे काम मुख्य प्रोसेसर करतो. विवरणपत्रे, ई-वे बिल आणि बँकेचे व्यवहार यांत फरक सहसा जाणवत नाही; व्हिडिओ मात्र जड चालू शकतो. त्रास थांबला तर दोष ग्राफिक्सच्या बाजूला होता हे सिद्ध होते. मग इंटेल, एएमडी किंवा एनव्हीडिया, ज्या कंपनीची चिप असेल तिच्या अधिकृत स्थळावरून नवा ड्रायव्हर घ्यावा आणि हा पर्याय पुन्हा चालू करून पाहावा.

जोडणी चालू असताना हिशेबनिसांच्या बाजूला जुन्या चित्राचे तुकडे राहत असतील, तर उपाय त्यांच्या संगणकावर आहे. रिमोट डेस्कटॉपच्या 'एक्सपिरियन्स' या भागातील 'पर्सिस्टंट बिटमॅप कॅशिंग'ची खूण त्यांनी काढून पाहावी. काही दुकानांत संगणकाला मॉनिटरच नसतो आणि सारे काम दुरूनच होते. तेथे पडद्याचे माप फारच लहान मिळत असेल, तर मॉनिटरच्या जागी लावण्याचा लहानसा 'डमी प्लग' उपयोगी पडतो. संगणकाला मॉनिटर जोडला आहे असे वाटते.

पैसे भरताना पडदा गेला तर

खरा धोका येथे सुरू होतो. चलनाची रक्कम भरण्यासाठी बटण दाबले आणि पान पांढरे झाले. रक्कम गेली की नाही? अशा वेळी हात आपोआप पुन्हा बटणाकडे जातो. तो आवरला पाहिजे. पडद्यावर काही दिसले नाही याचा अर्थ काही घडले नाही असा होत नाही.

आधी मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून बँकेचे खाते पाहावे. रक्कम वजा झाली नसेल तर थोडे थांबून, पुन्हा एकदा खाते पाहूनच नव्याने भरणा करावा. रक्कम वजा झाली असेल तर पोर्टलवरील इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर पाहावा. तेथे जमा दिसली तर प्रश्नच मिटला. जमा दिसत नसेल तर चलनावरील चौदा अंकी सीपीआयएन क्रमांक टाकून भरण्याची स्थिती तपासावी. एवढे करूनही नोंद आली नाही तर जीएसटी पीएमटी-०७ या अर्जाद्वारे तक्रार नोंदवता येते. चुकून दोनदा भरले गेलेले पैसे बुडत नाहीत. ते कॅश लेजरमध्ये राहतात, पुढील कर भरण्यास वापरता येतात किंवा परत मागता येतात. खेळते भांडवल मात्र तेवढे अडकते. व्यापाऱ्याला दिलेली रक्कम दोनदा गेली तर ती परत मिळणे समोरच्याच्या सचोटीवर अवलंबून राहते. म्हणून एनईएफटी किंवा आरटीजीएसचा यूटीआर क्रमांक तपासल्यावाचून दुसरा व्यवहार करू नये.

मुदत चुकण्याचाही खर्च असतो. जीएसटीआर-३बी उशिरा भरल्यास सर्वसाधारणपणे दररोज ५० रुपये विलंब शुल्क लागते, विवरणपत्र शून्याचे असेल तर २० रुपये. आणि उशिरा भरलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. ही रक्कम टाळण्याजोगी खरीच. पण ती वाचवण्याच्या घाईत लाखांची रक्कम भलत्या हाती जाऊ देणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

काळा पडदा : आधी की नंतर?

जोडणी संपल्यानंतर पडदा बिघडला तर तो सहसा तांत्रिक दोष असतो. जोडणी चालू असताना, पूर्वसूचना नसताना, पडदा काळा झाला तर त्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे. दूरवरून जोडलेल्या माणसाला काही साधनांत समोरच्याचा पडदा झाकून ठेवता येतो. प्रामाणिक हिशेबनीस गोपनीयतेसाठी ही सोय वापरतात. लबाड माणूस खात्यातून पैसे हलवताना.

अनेकांची फसवणूक अशा बिघाडाच्या क्षणीच होते. पान उघडत नाही म्हणून कोणी इंटरनेटवर मदत क्रमांक शोधतो, खोट्या क्रमांकावर फोन लागतो, पलीकडची गोड बोलणारी व्यक्ती एखादे साधन उतरवून घ्यायला सांगते, त्यावर दिसणारा क्रमांक विचारते आणि परवानगीचे बटण दाबायला लावते. या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. साधन वाईट नसते. किल्ली कोणाच्या हाती दिली हा प्रश्न असतो. बँक किंवा सरकारी पोर्टल आपल्या संगणकात शिरण्याची परवानगी फोनवरून मागत नाही. आपल्या हिशेबनिसाखेरीज, आणि तेही आपण स्वतः त्यांना ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन केल्याखेरीज, ही परवानगी कोणालाही देऊ नये.

शंका येताच वादविवाद न करता इंटरनेटची केबल काढावी किंवा राउटर बंद करावा. जोडणी त्याच क्षणी तुटते. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते रोखावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर क्रमांकावर तक्रार करावी. लाजेने किंवा घरच्यांच्या भीतीने घालवलेला प्रत्येक तास पैसे पुढच्या खात्यात सरकवत असतो.

काही नियम पेढीसाठी

हिशेबनिसांसाठी संगणकावर स्वतंत्र वापरकर्ता खाते उघडावे. त्यांचा ब्राउझर वेगळा राहतो, मालकांचा ब्राउझर त्यांच्या पडद्यावर ओढला जात नाही आणि कोणी काय केले हेही स्पष्ट राहते. काम संपल्यावर त्यांनी 'साइन आउट' करावे, फुली मारून जाऊ नये. जोडणीपूर्वी मालकांनी आपला ब्राउझर बंद करावा; या एका सवयीने वर सांगितलेला निम्मा त्रास उद्भवतच नाही.

बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नये आणि भरण्याचे अंतिम बटण मालकांनी स्वतः दाबावे. ज्यांच्याकडे विंडोजचे रिमोट डेस्कटॉप आहे त्यांनी त्याचे ३३८९ हे पोर्ट थेट इंटरनेटला उघडे आहे का, हे संगणक बसवणाऱ्याला विचारावे. असल्यास व्हीपीएनच्या आत घ्यायला सांगावे. २०१९ साली या सोयीतील 'ब्लूकीप' नावाची त्रुटी इतकी गंभीर ठरली की मायक्रोसॉफ्टने आधार कधीच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्या संगणकावर कर आणि बँक दोन्ही चालतात, तो अद्ययावत ठेवणे हा दुकानाच्या कुलपाइतकाच आवश्यक खर्च समजावा.

घरातील तरुण मंडळींना या गोष्टी सहज येतात, आणि म्हणूनच त्यांनी त्या वडीलधाऱ्यांसाठी कागदावर लिहून संगणकाशेजारी लावाव्यात : दोन-तीन कळांचे जोड, हिशेबनिसांचा खरा क्रमांक, बँक शाखेचा क्रमांक आणि १९३०. पडदा काळा झाला की माणसाला शोधायला वेळ नसतो, वाचायला असतो. विवरणपत्र अखेरच्या दिवसाऐवजी दोन दिवस आधी भरण्याचा प्रघात पडला, तर हा कागद वाचण्याइतकी शांतताही सोबत मिळेल.